टीव्हीच्या कोनाड्यातला राजस्थानी

मे महिन्यात नागपुरात राहून आमच्या घरमालकीण काकू कूलर लावत नसत, आणि न लावण्याचं कारण विंचू होता. हे वाक्य मी आजवर ज्याला सांगितलं, त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. पुन्हा सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा जसा होतो, तसाच चेहरा घेऊन मी त्या घरात वावरलो. काकू शहाण्या होत्या की त्यांचं डोकं फिरलेलं होतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आता तरी आलंय असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

मी मूळचा सांगलीचा. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून नागपुरात आलो आणि मनीषनगरमध्ये त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. खोली पाहायला गेलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. सडसडीत बांधा, घट्ट अंबाडा, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. घरमालक सहसा विचारतात त्यातलं एकही अक्षर त्यांनी विचारलं नाही. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "बूट झटकून घालायची सवय आहे का तुले?"

मी म्हणालो, "अं?"

"म्हणजे नाही. लावून घे. बाकी खोली पसंत असन तं राह्य बापा."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी जिन्याखालून आरोळी यायला लागली. "झटकलं का गा?" मी बूट झटकायचो, मोजे झटकायचो, टॉवेल आणि हेल्मेटसुद्धा झटकायचो, आणि वरून ओरडायचो, "झटकलं!" त्याशिवाय फाटकाची कडी निघत नसे. सिलिंडर आणणारा, कुरिअरवाला, वर्गणी मागायला आलेली गणेश मंडळाची माणसं, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा ऑफिसात टेबल टेनिस खेळून झाल्यावर मी दोन्ही बूट उलटे करून भिंतीवर आपटले. टीम लीडने विचारलं, "काय शोधतोयस?" मी सवयीने म्हणालो, "विंचू." त्यानंतर तो बरेच दिवस माझ्याशी फार मऊ आवाजात बोलत होता.

गंमत अशी की ज्या विंचवामुळे ही झटकाझटकी होती, तो कधी कोणाच्या बुटात गेलाच नव्हता. तो हॉलच्या भिंतीत, काचेच्या आड राहायचा. काका, म्हणजे काकूंचे यजमान, फरशी आणि दगडाच्या कामाचे ठेकेदार होते. हे घर बांधताना त्यांनी जैसलमेरकडून पिवळा दगड मागवला होता आणि हॉलच्या भिंतीत टीव्हीसाठी त्या दगडाचा झोकदार कोनाडा करून घेतला होता. पुढे पायऱ्यांसाठी पुन्हा तसाच दगड आला, तेव्हा त्याच्या पेंढ्यातून विंचवाचं नखाएवढं एक पिवळं पिल्लू निघालं. मजूर चप्पल उगारून धावला. काकांनी त्याचा हात धरला. इतक्या दुरून आलेला पाहुणा आहे म्हणाले, आणि टीव्ही काढून स्टुलावर ठेवला. कोनाड्यात वाळू पसरली, पिवळ्या दगडाचा एक तुकडा ठेवला, पुढे सरकती काच बसवली. त्याच वर्षी काका गेले. कोनाड्याच्या वर त्यांचा फोटो आला, खाली विंचू राहिला. त्यामुळे दिवाणावर बसलं की समोर टीव्ही दिसायच्या ऐवजी हे दोघं दिसत.

काकू त्याला विंचू म्हणत नसत. राजस्थानी म्हणत. "राजस्थानी आज जेवले नाही." "राजस्थान्याचा मूड ठीक नाही." आणि हे प्रेमाने म्हणत असाव्यात असं वाटेपर्यंत काचेवर टिचकी मारून त्याला शिव्या देत. "तुह्यापायी मी भट्टीत बसून राहिली, मेल्या! तुले काही वाटते का?"

भट्टी हा शब्द अगदी खरा होता. नागपूरकर माणूस उन्हाळ्यात पाहुण्याला आधी कूलरसमोर बसवतो आणि मग पाणी विचारतो. काकूंच्या हॉलमध्ये कूलर होता, पण त्याच्यावर चादर घातलेली असायची. कूलरच्या हवेने ओल येते आणि वाळवंटातल्या जिवाला ओल सोसत नाही, हे त्यांचं म्हणणं. खालच्या दोन्ही खोल्यांच्या मध्ये काकांनी दाराऐवजी दगडी कमान केली होती, त्यामुळे आतल्या खोलीत कूलर लावायचीही सोय नव्हती. काकू मधूनमधून मागच्या अंगणात जाऊन डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेत आणि केस पुरते वाळल्यावरच आत येत. पावसाळ्यात कोनाड्यात बल्ब जळायचा आणि चारी कोपऱ्यांत मिठाच्या पुरचुंड्या असायच्या. जिना हॉलमधून वर जात होता, म्हणून मी भिजून आलो की पोर्चमध्ये उभं राहून आधी वाळायचं, असा नियम होता. भाडं भरून मी वाळत उभा राहायचो.

एकदा न राहवून विचारलं, "काकू, इतका त्रास होतो तर हा ठेवलाय कशाला?"

"मी कुठं ठेवला? ह्यांनं ठेवला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, फेका."

"मग आता फेका की. नाहीतर जंगल खात्याच्या लोकांना बोलावू."

"अन् ते नेऊन पावसात ठेवतीन. काहून? त्यानं काय बिघडवलं तुह्यं?"

काकूंशी बोलणं असं फिरून पुन्हा आपल्याच अंगावर यायचं. त्याच्या जेवणाचीही तीच कथा. त्याला झुरळं लागत. काकूंचं घर इतकं लख्ख की झुरळ औषधाला मिळायचं नाही. मग त्या झाकणाची वाटी घेऊन, साखर उसनी मागायला जावं तशा शेजारी जात. "एखादं झुरळ आहे का वं घरात?" कुठल्या बाईला हा प्रश्न आवडेल? शेजारणी तोंडावर "आमच्याकडे नसतात बाई" म्हणत आणि काकू वळल्या की हळूच मोरीत बघून घेत. एका शेजारणीने तर भांडणच काढलं. ती का रागावली तेच काकूंना कळेना. त्या मला म्हणाल्या, "झुरळ नसन तं नाही म्हणा. भांडण काहून करून राहिली ते?"

या सगळ्यात मोठा घोळ एकच होता. राजस्थानी जिवंत आहे की नाही, हे कळायचं नाही. तो आठवडेच्या आठवडे हलत नसे. काकू काचेला नाक लावून बसत आणि मग जेवण त्यांनाही जात नसे. मी कुठेतरी ऐकलं होतं की जांभळ्या टॉर्चच्या उजेडात विंचू चमकतो, म्हणून तसला एक टॉर्च मागवला. एका रविवारी दुपारी खिडक्यांवर ब्लँकेटं टाकून अंधार केला आणि टॉर्च लावला. वाळूवर तो हिरवागार पेटलेला दिसला. काकू काचेजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "लग्नातला शालू नेसल्यावानी दिसून राहिले." तेव्हापासून त्यांनी ठरवलं, चमकला की जिवंत. असं मी म्हटलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा इतका निवांत झाला होता की मी काही बोललो नाही.

काकूंना एक मुलगी होती. मी तिला ताई म्हणायचो. ती पुण्यात होती. काकूंचा फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे मला नको असतानाही सगळं ऐकू यायचं. ताईचा एक प्रश्न ठरलेला होता. काका अचानक गेले, ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती दर दोन-चार फोननंतर विचारायची, "आई, बाबा शेवटी काय बोलले?"

काकू म्हणत, "भाजी जळून राहिली माही. ठेवते."

गॅसवर भाजी नसायची. मी समोरच बसलेलो असायचो.

ताईला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी काकूंनी मला हाक मारून खाली बोलावलं आणि हातात गुळाचा खडा ठेवला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथेच, यात त्यांना शंकाच नव्हती. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवून झाली, डिंक आला, खारका आल्या. पण बाळंतपण जूनच्या सुरुवातीला होतं, म्हणजे ताई मे महिन्यात येणार. तिने फोनवर सरळ सांगितलं, "आई, तो विंचू घरात असेल तर मी येणार नाही. आणि कूलर नसेल तरी येणार नाही. सासूबाई इथे करायला तयार आहेत."

"तू ये तं खरी," काकू म्हणाल्या.

"विंचू जाणार का?"

"कूलरचं गवत बदलवाले माणूस बोलावला मी."

"आई, मी विंचवाचं विचारते आहे. तू त्याच्याशी दिवसभर बोलतेस. मी बाबांबद्दल एक प्रश्न विचारला की तुझी भाजी जळते."

फोन बंद झाला. काकू फोनकडे बघत बसल्या. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. पोरगी आली नाही तर ही बाई मोडेल, हे स्पष्ट दिसत होतं. तरीही त्या उठल्या त्या मिठाच्या पुरचुंड्या बदलायला.

नंतरचे आठवडे मी त्यांच्याकडे बघून बघून चक्रावलो. कूलरला नवीन गवत बसलं, टाकी घासून झाली, पंप तपासून झाला. पण बटण दाबलं नाही. सकाळी म्हणत, "आज याले हाकलते." दुपारी शेजारी वाटी घेऊन जात. मी एकदा सुचवलं की बरणीत घालून माझ्या खोलीत ठेवू. "वर तुह्या कूलरच्या हवेत?" म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या नातवाला टाकीत बुडवायला निघालो होतो. मधल्या काळात राजस्थानी दगडाच्या कडेला एका जागी बसला तो बसलाच. काकू खिडक्या लावून टॉर्च मारत. चमकायचा. "आहे," म्हणत आणि खिडक्या उघडत.

ताई आली ती भर दुपारी. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. जावई सामान दारात ठेवून औषधं आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. ताई आत आली आणि मी जिन्यावरच थबकलो, कारण हॉलमध्ये कूलर चालू होता. त्या घरात तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. काकू घामाने डबडबल्या होत्या, कूलरसमोर उभ्या राहूनसुद्धा. कोनाड्यावर चादर टांगलेली होती.

ताईने चादर ओढली.

"आई, हा अजून आहे!"

"मी कुठं म्हटलं, नाही म्हणून?"

"मी परत जाते. आत्ताच्या आत्ता."

"अवं ऐक. कूलर लावला मी. तुह्यासाठी लावला. आता ते कितीक दिवस जगन? बस तू."

"म्हणजे तो मरेपर्यंत मी याच्यासमोर बसू?" ताई माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा हो. हा जिवंत आहे की मेलाय?"

मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही." त्या घरात माझं नेहमीचं उत्तर तेच होतं. काकूंनी स्वयंपाकघरातून लांब चिमटा आणून माझ्या हातात दिला. मी काच सरकवली आणि डोळे अर्धे मिटून राजस्थान्याला उचललं. त्याला वजनच नव्हतं. माझी पकड जरा घट्ट झाली आणि तो पापडासारखा चुरला. आत काहीच नव्हतं.

"हा तर रिकामा आहे," ताई म्हणाली.

नांगी होती, पाय होते, चिमटे होते, फक्त विंचू नव्हता. ती कात होती. आम्ही किती दिवस त्या कातेवर टॉर्च मारून ती जिवंत असल्याचं समाधान मानत होतो, देव जाणे. आणि मग एकाच वेळी तिघांच्याही डोक्यात आलं की कात इथे आहे, तर मालक कुठे आहे.

"पाय वर घे!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की ताई त्या अवस्थेत दिवाणावर चढून बसली. मग काकूंनी जे झटकायला सुरुवात केली, तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. उशा झटकल्या, गादी झटकली, ताईची पर्स झटकली. नवी दुपटी एकेक करून झटकली. प्रत्येक दुपटं झटकताना त्यांच्या तोंडून "माह्यी पोरगी, माह्यी पोरगी" एवढंच निघत होतं. तेवढ्यात जावई औषधं घेऊन दारात आले. "तिथंच थांबा! बूट काढू नका! झटकलं का?" जावई पिशवी हातात धरून पुतळ्यासारखे उंबऱ्यावर उभे राहिले. मी खिडक्या लावल्या, ब्लँकेटं टाकली, टॉर्च मारत दिवाणाखाली, कूलरमागे, कमानीच्या फटीत पाहत गेलो. कुठेही काही चमकेना.

अंधारातून ताईचा आवाज आला. "आधी कोनाड्यात नीट पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं. मी चिमट्याने पिवळ्या दगडाचा तुकडा उचलला. खाली, कातेपेक्षा चांगला मोठा, नवा कोरा राजस्थानी बसला होता. जरा फिकट चमकत होता. टॉर्च लागला तशी त्याने नांगी हलवली. त्याच्या शेजारी जुन्या कातींचा भुगा पडला होता. म्हणजे त्याने हे पूर्वीही केलं होतं, आम्हाला पत्ता नव्हता. मी दगड ठेवला आणि काच घट्ट लावली.

काकू मटकन खाली बसल्या. मग लगेच उठल्या आणि पहिली गोष्ट केली ती ही, की जाऊन कूलर बंद केला.

"आई!" ताई रडायलाच लागली. "मी घामाने निथळते आहे. तुला मी पाहिजे की तो?"

"तूच पाहिजे वं! तूच!" काकूंचा आवाज फाटला. "पण मी काय करू? तुह्या बाबानं सांगतलं होतं न!"

"काय सांगितलं होतं?"

खिडक्यांवर अजून ब्लँकेटं होती. त्या अंधारामुळेच काकूंना बोलता आलं असावं. "त्यायले छातीत दुखून राहिलं होतं. ऑटो आला होता दारात. मी हात धरून नेऊन राहिली होती. दारात थांबले, मागं वळून त्याच्याकडं पाह्यलं, अन् मले म्हणे, 'याले ओल लागू देऊ नको.' बस. तेच शेवटचं. एवढा संसार केला मी त्यांच्यासंग. माह्यं नाव नाही घेतलं, तुह्यं नाही घेतलं. मी तुले काय सांगू फोनवर? का तुह्या बापानं जाताना विंचवाची काळजी केली म्हणून?"

मग दिवाणावरून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं ताईला कळा सुरू झाल्या. पण ती हसत होती. पोटाला दोन्ही हात लावून, डोळ्यांतून पाणी गाळत, हसत होती. "हे बाबाच," ती म्हणाली. "अगदी बाबाच. माझ्या लग्नात मी रडत होते तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, गाडीतल्या फरशीच्या नमुन्यांवर पाय ठेवू नको." काकूही हसायला लागल्या, मग रडायला लागल्या, मग दोघी दोन्ही एकदमच करायला लागल्या. जावई उंबऱ्यावरून विचारत होते, "आता बूट काढू का?"

रडणं आटोपल्यावर ताईने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वरच्या खोलीत कूलर आहे ना?"

"आहे," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला पुढचं दिसलं.

"डॉक्टरनं तिले जिने चढाले सांगतलंच आहे," काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून मायलेकी माझ्या खोलीत, माझ्या कूलरसमोर राहू लागल्या. आणि मी, दरमहा भाडं देणारा भाडेकरू, ऐन मे महिन्यात खालच्या हॉलमध्ये, कूलरविना, विंचवासमोरच्या दिवाणावर झोपू लागलो. हे नेमकं कसं झालं, मी हो केव्हा म्हटलं, हे आजही मला सांगता येत नाही. वरून हसण्याचे आवाज यायचे. ताई काकूंना काकांबद्दल काय काय विचारायची आणि आता भाजी जळत नसे. सकाळी मात्र आरोळी वरून खाली यायला लागली होती. "झटकलं का गा?"

जूनमध्ये, आभाळ भरून यायला लागलं होतं, तेव्हा एका सकाळी दवाखान्यातून काकूंचा फोन आला. "पोरगी झाली. दोघी चांगल्या आहे. आता एक काम कर बाबू. आधी राजस्थान्याले सांग, मंग ह्यांच्या फोटोले सांग. ह्यायले त्याचीच काळजी जास्त होती. अन् म्हणावं, ओल नाही लागू देली."

मी कोनाड्यासमोर उभा राहिलो. विंचवाला बातमी कशी सांगतात हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मग म्हणालो, "मुलगी झाली." राजस्थानी दगडाखालून हलला नाही. मग मान वर करून फोटोकडे पाहिलं. "काका, मुलगी झाली. ओल लागू दिली नाही." एवढंच बोललो आणि एकदम डोळ्यांतून पाणी यायला लागलं. का ते मला कळेना. मुलगी माझी नाही, काका माझे नाहीत, विंचू तर नाहीच नाही. पण पाणी काही थांबेना, तेव्हा मी घाईघाईने पोर्चमध्ये जाऊन उभा राहिलो, आणि पुरता वाळल्यावरच आत आलो.